१९-३१ वरून वर्ल्ड सिरीज: नॅशनल्सचा २०१९ चा हंगाम नेमका कशाने सावरला?

तिसरा बेस

२३ मे २०१९ ला न्यूयॉर्कात मेट्सनी चारही सामने घेतले आणि वॉशिंग्टन नॅशनल्स या अमेरिकन बेसबॉल संघाचा हिशोब झाला १९ विजय, ३१ पराभव. त्याच चालीने गेले असते तर १६२ सामन्यांत ६१-६२ विजय झाले असते, म्हणजे जवळजवळ तळाला. पुढच्या ११२ सामन्यांत त्यांनी ७४ जिंकले, ३८ हरले. ही चाल अख्ख्या हंगामाला लावली तर १०७ विजय होतात. त्या वर्षी सगळ्यांत जास्त सामने जिंकलेल्या ह्यूस्टन ॲस्ट्रोजचेही १०७च होते, आणि ३० ऑक्टोबरला नॅशनल्सनी वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अंतिम मालिकेच्या, सातव्या सामन्यात हरवलं तेही त्यांनाच, त्यांच्याच मैदानात.

या हंगामाचा विषय निघाला की लोक 'जिद्द' म्हणून मोकळे होतात. जिद्द एप्रिलमध्येही होतीच की. एप्रिलमध्ये नव्हतं ते म्हणजे ट्रे टर्नरचं धड बोट. २ एप्रिलला बंट करताना (बॅट न फिरवता चेंडू हळूच अडवताना) चेंडू बोटावर बसला, हाड मोडलं आणि हा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) मेच्या मध्यापर्यंत बाहेर. मग अँथनी रेंडनच्या कोपराला चेंडू लागला, पाठोपाठ हुआन सोटोची पाठ धरली. तोवर पहिले चार फलंदाज परत एका वेळी लाइनअपमध्ये दिसलेच नाहीत. ब्राइस हार्पर तर आधीच १३ वर्षांच्या ३३ कोटी डॉलरच्या करारावर फिलाडेल्फियाला गेलेला.

आणि बुलपेन, म्हणजे राखीव पिचरांचा (चेंडू टाकणाऱ्यांचा) ताफा! त्यातला ट्रेव्हर रोझेंथाल पहिल्या चार वेळा मैदानात आला तेव्हा त्याला एकही आउट काढता आला नाही. ईआरए, म्हणजे पिचर नऊ इनिंगमागे सरासरी किती धावा देतो तो आकडा, काढायला धावा गुणिले नऊ भागिले इनिंग करतात. इथे इनिंगच शून्य. म्हणजे त्याचा ईआरए अनंत होता, यात अतिशयोक्ती नाही. २ मे रोजी पिचिंग कोच डेरेक लिलिक्विस्टना काढून पॉल मेनहार्ट यांना आणलं.

माझं म्हणणं एवढंच: बुलपेन शेवटपर्यंत वाईटच राहिलं. ते सुधारून हा संघ जिंकलेला नाही. ते झाकायचं कसं, हे मॅनेजर डेव्ह मार्टिनेझना ऑक्टोबरात कळलं. पटतंय का बघा.

आकडेबाज

पटतंय, पण अर्धंच. त्यांनी हंगामात ८७३ धावा काढल्या आणि ७२४ दिल्या. बेसबॉलचे आकडेतज्ज्ञ बिल जेम्स यांचा जुना ठोकताळा लावा: काढलेल्या धावांचा वर्ग भागिले दोन्ही वर्गांची बेरीज. ७,६२,१२९ भागिले १२,८६,३०५, म्हणजे ०.५९२. याला १६२ ने गुणलं की ९६ विजय. प्रत्यक्षात झाले ९३. म्हणजे संघ मुळात ९५-९६ विजयांचाच होता, तीन सामने बुलपेनने वाटेत सांडले. मेनंतर 'चमत्कार' वगैरे काही घडला नाही, सुरुवातीचे ५० सामने मात्र संघाच्या कुवतीपेक्षा फारच वाईट गेले.

वर्ग करण्याऐवजी १.८३ घात घेतला तर उत्तर ९५ च्या आसपास येतं. तो जास्त बरोबर धरतात, पण कागदावर करायला वर्ग सोपा.

नवखा झेल

प्रश्न बाळबोध आहे, हसू नका. क्रिकेट कळतं, बेसबॉल थोडं थोडं. बुलपेन 'झाकायचं' म्हणजे काय? कर्णधार वाईट बॉलरला ओव्हर देत नाही, तसंच ना?

बुलपेनवाला

साधारण तसंच, पण एक मोठी अडचण आहे. क्रिकेटमध्ये बॉलर एक ओव्हर टाकून फाइन लेगला जातो आणि वीस ओव्हरनंतर परत येतो. इथे काढलेला पिचर त्या सामन्यात परत येत नाही. नऊ इनिंग म्हणजे २७ आउट. स्टार्टर शंभरेक चेंडू टाकून पाच-सहा इनिंग काढतो आणि मग त्याला चार दिवस विश्रांती. उरलेले ९ ते १२ आउट रिलीव्हरनी काढायचे. हे रिलीव्हर मैदानाकडेच्या ज्या जागेत हात गरम करतात ते बुलपेन, आणि त्यांच्या अख्ख्या ताफ्यालाही तेच नाव.

नॅशनल्सकडे चार स्टार्टर अव्वल होते: मॅक्स शर्झर, स्टीव्हन स्ट्रासबर्ग, पॅट्रिक कॉर्बिन, अनिबल सांचेझ. बुलपेनचा ईआरए मात्र साडेपाचाच्या वर, नॅशनल लीगमध्ये सगळ्यांत वाईट. ३ सप्टेंबरचा मेट्सविरुद्धचा सामना बघा. ५-४ अशी मागे असताना नवव्या इनिंगमध्ये बुलपेनने आणखी पाच धावा दिल्या, ४-१०. मग फलंदाजांनी इनिंगच्या खालच्या, म्हणजे दुसऱ्या अर्ध्यात सात काढल्या, शेवटचा घाव कर्ट सुझुकीचा तीन धावांचा होमरन (षटकारासारखा थेट कुंपणापारचा फटका), ११-१०. या सामन्याचं कौतुक सगळे करतात, पण त्या पाच धावा कोणी दिल्या हे विसरतात.

तर झाकणं असं. स्टार्टर दोन सामन्यांच्या मधल्या एका दिवशी सरावाचे वीस-तीस चेंडू टाकतोच. ऑक्टोबरात हा सराव मैदानावर, खऱ्या सामन्यात करून घ्यायचा. मग वाईट रिलीव्हरपर्यंत चेंडू जातच नाही. डॅनियल हडसन (३१ जुलैला टोरोंटोकडून घेतलेला, इथे आल्यावर ईआरए दीडच्या खाली), शॉन डुलिटल आणि हे चार स्टार्टर, एवढ्या सहा जणांत शक्यतो २७ आउट बसवायचे. टॅनर रेनी अधूनमधून.

ॲनाकोस्टियाकाठ

३१ जुलैबद्दल एक भर. त्या वर्षीपासून ऑगस्टमधली खेळाडूंची देवघेव (वेव्हर-व्यवहार) बंद झाली, एकच अंतिम तारीख राहिली. म्हणून नॅशनल्सचे तेव्हाचे जनरल मॅनेजर माइक रिझोंनी त्या एकाच दिवशी हडसन, हंटर स्ट्रिकलंड आणि रोएनिस एलियास असे तीन रिलीव्हर उचलले. तिघांपैकी ऑक्टोबरात कामाला आला तो एकच.

उलटा कर्व्ह

बुलपेनवाला, तुमची थिअरी कागदावर छान आहे. पण प्लेऑफमधला (बादफेरीतला) डॉजर्सविरुद्धचा तिसरा सामना विसरलात का? ६ ऑक्टोबर. सांचेझने पाच इनिंगमध्ये नऊ जणांना स्ट्राइकआउट केलं, २-१ अशी आघाडी. सहाव्या इनिंगला मार्टिनेझनी कॉर्बिनला आणलं. स्टार्टर, अव्वल, तुमच्या सहा जणांतलाच. सात धावा झाल्या त्या इनिंगमध्ये! सहा त्याच्या खात्यावर. सामना ४-१० गेला. मग झाकलं काय?

बुलपेनवाला

विसरलो नाही, त्यावरच यायचं होतं. ती इनिंग परत बघा, सातही धावा दोन आउट झाल्यावरच्या आहेत. कॉर्बिनचं हत्यार एकच, स्लायडर. तो मारण्याजोग्या उंचीला दिसतो आणि शेवटच्या क्षणी गुडघ्याखाली पडतो. फलंदाजाने बॅट घातली तर हुकतो, नाही घातली तर 'बॉल', म्हणजे पिचरचा चेंडू वाया (असे चार झाले की फलंदाजाला पहिला बेस फुकट, तो 'वॉक'). डॉजर्सच्या उजव्या फलंदाजांनी खाली पडणारे चेंडू सोडून दिले, मग कॉर्बिनला फास्टबॉल आत आणावा लागला, आणि रसेल मार्टिन व किके हर्नांडेझ दोघांनी प्रत्येकी दोन धावांचे डबल (दुसऱ्या बेसपर्यंत नेणारे फटके) मारले. पुढे रिलीव्हर वँडर सुएरो आला आणि जस्टिन टर्नरने त्याला तीन धावांचा होमरन मारला. बाकीचं बुलपेन का झाकायचं त्याचं उत्तर या शेवटच्या वाक्यात आहे.

दुसरी गोष्ट विश्रांतीची. पहिल्या सामन्यात स्टार्ट करून मध्ये फक्त दोन दिवस गेले होते. पाचव्या सामन्यात त्याच कॉर्बिनला परत आणलं, पण डावखुऱ्या मन्सी-बेलिंजरच्या पट्ट्यात. चाललं. माणूस तोच, फक्त समोर कोण उभं आहे ते बदललं.

आकडेबाज

इथे ईआरएचा एक धोका सांगतो. रिलीव्हर येतो तेव्हा बेसवर आधीच्या पिचरचे दोन रनर असतील आणि याने होमरन दिला, तर तीनपैकी दोन धावा आधीच्याच्या खात्यावर जातात. वरच्या इनिंगमध्ये सुएरोच्या नावावर फक्त एक धाव लागली. म्हणून रिलीव्हरचा नुसता ईआरए बघू नका, वारशात मिळालेल्या रनरपैकी किती जण घरी पोचले तेही बघा.

आणि नवख्यांसाठी: ६.१ इनिंग म्हणजे सहा इनिंग आणि एक आउट. आपल्याकडे ६.१ ओव्हर म्हणजे सहा ओव्हर आणि एक चेंडू, तसंच. दशांश समजून कॅल्क्युलेटरमध्ये घातलं की उत्तर चुकतं. शर्झरच्या त्या हंगामात १७२.१ इनिंग आणि ५६ अर्न्ड रन (क्षेत्ररक्षणाच्या चुकांच्या धावा वगळून). ५६ गुणिले ९ भागिले १७२.३३, म्हणजे २.९२.

नवखा झेल

हे ओव्हरचं एकदम डोक्यात बसलं. आता सातव्या सामन्याचं कोणीतरी सविस्तर सांगा ना. ग्राइंकीला का काढलं यावर अजून भांडणं होतात असं ऐकलंय.

तिसरा बेस

ही भांडणं मिटायची नाहीत. प्रसंग असा. सहा इनिंग झाल्या, ह्यूस्टन २-० पुढे. त्यांचा स्टार्टर झॅक ग्राइंकीने तोवर फक्त एक हिट दिलेला. स्वतःच उड्या मारून ग्राउंडर (जमिनीवरून येणारे फटके) अडवत होता. उलट शर्झरची अवस्था बिकट. रविवारी मान अशी धरली होती की पाचव्या सामन्याला उभंच राहता आलं नाही, ऐनवेळी जो रॉसला उतरवावं लागलं. कॉर्टिसोनचं इंजेक्शन घेऊन बुधवारी उतरला. पाच इनिंग, सात हिट, चार वॉक. म्हणजे जवळपास प्रत्येक इनिंगला बेसवर गर्दी, तरी धावा दोनच. ह्यूस्टनचा सामना खरं तर इथेच हातचा गेला, ग्राइंकीच्या इनिंगमध्ये नाही.

सातवी इनिंग, एक आउट. रेंडनचा होमरन, २-१. सोटोला वॉक. ग्राइंकीचे ८० चेंडू झालेले. ह्यूस्टनचे मॅनेजर ए. जे. हिंच बाहेर आले आणि त्यांनी विल हॅरिसला बोलावलं. समोर ३६ वर्षांचा हावी केंड्रिक. हॅरिसने कटर (शेवटी किंचित वळणारा वेगवान चेंडू) टाकला, बाहेरच्या कडेला, खाली. चेंडू वाईट मुळीच नव्हता, तिथल्या चेंडूवर बहुतेक जण सेकंड बेसकडे ग्राउंडर मारतात. केंड्रिकने हात लांब करून तो उजव्या फील्डकडे उचलला आणि चेंडू फाउल पोलवर आदळला. ३-२. पोलला लागलेला चेंडू होमरन धरतात, नाव 'फाउल' पोल असलं तरी. नावाचा हा घोळ कोणी घातला देव जाणे.

आमच्याकडून शर्झरनंतरच्या तीन इनिंग (सहावी, सातवी, आठवी) कॉर्बिनच्या, शून्य धावा. चौथा सामना स्टार्ट करून मध्ये तीन दिवस गेलेले. उलटा कर्व्ह, तुमच्या ६ ऑक्टोबरची परतफेड हीच. नववी हडसनची. शेवट ६-२.

उलटा कर्व्ह

परतफेड मान्य. पण ग्राइंकीला काढल्याचं समर्थन करता येत नाही. ८० चेंडू म्हणजे काहीच नाही. आणि काढायचंच होतं तर ह्यूस्टनचा अव्वल स्टार्टर गेरिट कोल बुलपेनमध्ये होता. त्याला शेवटपर्यंत आणलंच नाही!

बुलपेनवाला

हिंच यांचा युक्तिवाद ऐका. ग्राइंकीसमोर ती मधली फळी तिसऱ्यांदा आली होती. तिसऱ्या फेरीला फलंदाज पिचरला जास्त ओळखतो, हे आकड्यांत दरवर्षी दिसतं. रेंडनने नुकताच मारलेला, सोटोला चार बॉल. हॅरिस त्यांचा वर्षभराचा सगळ्यांत भरवशाचा रिलीव्हर. आणि कोलला आघाडी असताना शेवट करायला ठेवायचं, असं हिंच यांनी नंतर सांगितलंच. निर्णयामागे कारण होतं, फक्त केंड्रिकने ते कारण पोलवर आपटलं. माझं मत विचाराल तर कोलला ठेवणं चूक होती, ग्राइंकीला काढणं नव्हती.

ॲनाकोस्टियाकाठ

सहाव्या सामन्याबद्दल कोणीच बोलत नाहीये. तिथे हरले असते तर सातवा नव्हताच.

पहिल्या इनिंगमध्ये ह्यूस्टनच्या स्प्रिंगरचा डबल, ब्रेगमनचा होमरन, दोन धावा. फलंदाज प्रत्येक चेंडूला तयार दिसत होते. मेनहार्ट यांच्या लक्षात आलं की स्ट्रासबर्ग कोणता चेंडू टाकणार ते आधीच उघड करतोय. ग्लोव्हमध्ये हात घालून पकड बदलताना ग्लोव्हची हालचाल वेगळी दिसते. चेंजअपची (मुद्दाम हळू टाकायच्या चेंडूची) पकड तळहातात खोल असते, तिथे ग्लोव्ह जरा फाकतो. उपाय साधा. दुसऱ्या इनिंगपासून तो प्रत्येक चेंडूआधी मुद्दाम ग्लोव्ह हलवायला लागला. सगळेच चेंडू सारखे दिसू लागले की वाचणार काय? त्यानंतर ८.१ इनिंगपर्यंत एकही धाव नाही. सिरीजचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) तोच झाला, आणि त्या प्लेऑफमध्ये त्याचे पाच विजय, पराभव शून्य.

खुणांबाबतही संघ सावध होता, कॅचर-पिचरमध्ये खुणांचे अनेक संच ठरवून ठेवले होते. ह्यूस्टनने २०१७ ला केलेल्या खुणांच्या चोरीची बातमी बाहेर आली ती नंतर, नोव्हेंबरमध्ये.

नवखा झेल

त्याच सामन्यात टर्नरला बाद दिलं आणि मार्टिनेझना मैदानाबाहेर काढलं ना? नियम काय आहे तो?

आकडेबाज

होम प्लेट ते पहिला बेस ९० फूट. शेवटच्या ४५ फुटांत फाउल लाइनच्या उजवीकडे तीन फूट रुंदीची पट्टी आखलेली असते. रनरने त्या पट्टीतून धावायचं. बाहेरून धावून बेसवरच्या क्षेत्ररक्षकाच्या झेलाला अडथळा केला तर आउट. टर्नर लाइनच्या आतून धावला, ह्यूस्टनचा पिचर पीकॉक याचा थ्रो त्याला लागला, पहिल्या बेसवरच्या गुरिएलचा ग्लोव्ह उडाला.

गंमत अशी की पहिला बेस स्वतः लाइनच्या आत बसवलेला. पट्टीतून सरळ धावणाऱ्याला शेवटच्या पावलाला आत वळावंच लागतं. उजव्या हाताचा फलंदाज तर मुळातच लाइनच्या आतून सुटतो. यावर इतकी वर्षं ओरड होती. शेवटी २०२४ पासून मेजर लीगमध्ये लाइनच्या आतली, गवतापर्यंतची मातीही पट्टीत धरायला लागले. नव्या नियमाने टर्नरला बाद देणं फार अवघड गेलं असतं.

त्या निर्णयानंतर दोनच फलंदाजांनी रेंडनने दोन धावांचा होमरन मारला, ३-२ चं ५-२. म्हणून तो वाद इतिहासाच्या तळटिपेत गेला, नाहीतर पिढ्यान्‌पिढ्या चालला असता.

मधला स्टंप

धागा वाचतोय, मजा येतेय. एक निरीक्षण: सातही सामने पाहुण्या संघाने जिंकले, असं आधी कधी झालं नव्हतं. नॅशनल्सच्या घरच्या तीन सामन्यांत धावा १, १, १. ह्यूस्टनमध्ये ५, १२, ७, ६. घरी एकूण ३, बाहेर ३०!

भारतातून बघणाऱ्यांसाठी हे तिन्ही घरचे पराभव ऐन दिवाळीत पडले. पूर्व किनाऱ्यावर रात्री आठनंतर सामना म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचनंतर. चौथा सामना, ब्रेगमनचा ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असतानाचा होमरन, चार धावा), १-८, तो नरक चतुर्दशीच्या पहाटे. पाचवा पाडव्याला. अभ्यंगस्नान आटोपून बसलेल्यांनी कारिटं नेमकी कोणाच्या नावाने फोडली असतील!

तिसरा बेस

तिसऱ्या सामन्यात दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर रनर असताना दहा संधी मिळाल्या, एकही हिट नाही. ती खरी दिवाळी.

ज्या पाच सामन्यांत हरलो तर घरी अशी वेळ होती, त्या पाचही सामन्यांत नॅशनल्स आधी मागे पडले आणि मग जिंकले. ब्रुअर्सविरुद्धच्या वाइल्ड कार्ड सामन्यात (प्लेऑफची सुरुवातीची एकाच सामन्याची फेरी) आठव्या इनिंगला १-३. समोर त्यांचा रिलीव्हर जॉश हेडर. मायकेल टेलरला चेंडू लागला (बॅटला लागला की हाताला, यावर रिव्ह्यू झाला), झिमरमनचा मोडक्या बॅटचा सिंगल, रेंडनचा वॉक, दोन आउट, बेस भरलेले. सोटोचा उजवीकडे सिंगल, ट्रेंट ग्रिशमच्या ग्लोव्हखालून चेंडू निसटला आणि दोनऐवजी तीन धावा आल्या. ४-३. इथे मात्र नशीब होतं, नाकारत नाही. पण त्या आधीच्या तीन इनिंग स्ट्रासबर्गने रिलीव्हर म्हणून शून्यावर काढल्या होत्या, तेव्हा बुलपेनवाल्यांचा मुद्दा इथेही लागू.

उलटा कर्व्ह

बरं, मानलं. मग २०२० ला हाच मंत्र का चालला नाही? ६० सामन्यांत २६-३४.

बुलपेनवाला

कारण झाकण महाग असतं. स्ट्रासबर्गने २०१९ ला नियमित हंगामातच २०९ इनिंग टाकल्या, त्यावर प्लेऑफ. सात वर्षांचा २४.५ कोटी डॉलरचा नवा करार झाला आणि पुढच्याच हंगामात मनगटाच्या नसेचं दुखणं निघालं, दोन स्टार्टमध्ये वर्ष संपलं. रेंडन तेवढ्याच रकमेवर एंजल्सकडे गेला. लाइनअपमधली सगळ्यांत मोठी बॅट आणि रोटेशनमधला (स्टार्टरांच्या पाळीतला) सगळ्यांत मोठा हात एकदम गेल्यावर झाकायला उरलं काय. वरती हंगाम रिकाम्या स्टेडियमात, वर्ल्ड सिरीजचा झेंडा चढवला तेव्हा बघायला प्रेक्षक नाहीत.

नवखा झेल

एकच सामना पूर्ण बघायचा असेल तर कोणता?

ॲनाकोस्टियाकाठ

सातवा सगळे सांगतील. तुम्ही ९ ऑक्टोबरचा डॉजर्सविरुद्धचा पाचवा बघा. आठव्या इनिंगमध्ये डॉजर्सचा पिचर क्लेटन कर्शॉला रेंडन आणि सोटोने लागोपाठच्या दोन चेंडूंवर होमरन मारले, १-३ चं ३-३. दहाव्यात जो केलीला केंड्रिकचा ग्रँड स्लॅम, ७-३. बघताना फक्त धावा मोजू नका. वहीत एका बाजूला २७ आउट लिहा आणि प्रत्येकासमोर पिचरचं नाव. स्ट्रासबर्गचे १८ झाले की पुढचे कोणाकोणाकडे जातात ते दिसेल. दहाव्या इनिंगचे तीन डुलिटलचे, ते खाली वेगळे लिहा.